पलीकडचा टाका

मावशीच्या माडीवर राहायला आलेल्या उंच पोरीला गल्लीने पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, बगळी. नावात खोट काही नव्हती. अंगात राखाडी कोट, पाय लांबलचक, चालताना मान पुढे, आणि दिवसभराचं काम काय, तर नदीकाठी उभं राहून पलीकडे टक लावायची. कोपऱ्यावरचा पावभट्टीवाला म्हणाला, मावशी, मासा गावला की आम्हालाही बोलाव. सगळे हसले. मावशी हसली नाही. तिला त्या दिवसांत हसू कमीच यायचं, आणि नदीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

नदी गावाच्या मधोमध वाहायची. एके काळी दोन्ही काठ मिळून गाव एकच होतं. पुढे सरहद्द नदीतून गेली, दोन काठ दोन देशांचे झाले, दोन देशांचं फाटलं, आणि पूल बंद पडला. मग काही वर्षं या काठावरून त्या काठावर आणि त्या काठावरून या काठावर तोफगोळ्यांखेरीज काही गेलं नाही. त्यातलाच एक मावशीच्या शिवणाच्या दुकानासमोर पडला, तेव्हा तिचा नवरा शटर ओढत होता. अर्धं ओढून झालं होतं. ते शटर अजून तसंच अर्ध्यावर अडकलेलं आहे. मावशी वाकून आत जाते, वाकून बाहेर येते, गिऱ्हाइकंही वाकूनच येतात, पण ते दुरुस्त करायचं नाव कुणी काढलेलं तिला खपत नाही.

मावशीचे दोन नेम होते. एक आईकडून आलेला, सांजेला देवापुढे दिवा लागल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. ताप असो, कुणाचं लग्न असो, गोळे पडत असोत, तो कधी चुकला नव्हता. दुसरा नेम नवऱ्याला पोचवून आल्यावर धरलेला: पलीकडच्या काठाचं पाणी म्हणून तोंडात घालायचं नाही, पाऊल टाकायचं तर दूरच. भट्टीवाल्याने एकदा चेष्टेने विचारलं होतं, की अगं, नदीला बिचारीला काय माहीत कुठलं पाणी कुठल्या काठाचं? मावशी म्हणाली होती, नदीला नसेल, माझ्या परसातल्या आडाला आहे. तेव्हापासून तो या विषयावर गप्प होता.

आता ही पोरगी ज्या संघाची माणूस म्हणून आली होती, तो संघ शेजारच्या सात देशांचा. शेजाऱ्याच्या घराला आग लागली की आपल्या छपराची काळजी लागते, तसं त्या सातांचं झालं होतं. यांच्या भांडणापायी त्यांच्या वाटा बंद पडल्या, माणसं जीव घेऊन त्यांच्याकडे धावली, माल सडला. तेव्हा सातांनी मध्ये पडायचं ठरवलं. गावाला त्यांचा भरवसा वाटत नव्हता. सात सुगरणी आणि चूल थंड, असं लोक म्हणायचे. कारण संघात काही ठरायचं तर सातही जणांनी हो म्हणायला हवं, आणि एक जण नुसता खोकला तरी बैठक पुढे ढकलली जायची. पण या सुगरणींनी नेट सोडला नाही. दोन्ही देशांच्या माणसांना त्यांनी परक्या शहरात नेऊन एका टेबलाशी बसवलं, उठून गेलेल्यांना परत आणून बसवलं, आणि शेवटी एवढं पदरात पाडून घेतलं, की तोफा गप्प राहतील आणि संघाचे निरीक्षक दोन्ही काठांवरून नजर ठेवतील. बगळी ही त्या निरीक्षकांतली एक.

निरीक्षकांच्या वरच्या साहेबांना गल्लीने तराजू म्हणायला सुरुवात केली, तेही उगाच नाही. बुटके, टकले, चष्म्याला दोरी लावून गळ्यात अडकवणारे आणि कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. बरोबरी हा त्यांचा प्राण. निरीक्षकाने एक पंधरवडा या काठावरच्या घरी राहायचं, पुढचा त्या काठावरच्या. इकडे कुणाकडे चहा घेतला तर तिकडे घ्यायलाच हवा, मग पोटाला तडस का लागेना. साहेबांची उजव्या गालाची दाढी इकडचा न्हावी करतो आणि डाव्या गालाची तिकडचा, असं भट्टीवाला शपथेवर सांगायचा. आणि एक नियम सगळ्यांत कडक: या काठावरून त्या काठावर काही न्यायचं नाही. चिठ्ठी नाही, पुडी नाही, तोंडी निरोपसुद्धा नाही.

पोरीला भाषा अर्धीमुर्धी यायची. खायची चिमणीसारखं. पहिल्या दिवशी मावशीने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः दिवा लावायला उठली, परत येऊन पाहते तर पोरगी तशीच बसलेली, हात मांडीवर, ताटाला स्पर्श नाही. मावशी म्हणाली, तू जेव गं, तुला कुठे नेम आहे. पोरीने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुढे पुढे तर संध्याकाळी मावशी मशीनवर रमली, तर माडीवरून हाक यायची, "मावशी, दिवा." जणू तो नेम मावशीचा नसून पोरीचा होता. मावशी लटक्या रागाने म्हणायची, काय मेली माझ्या देवाची मुकादम होऊन बसलीये. पण म्हणताना हात भराभर वात वळायचे.

माणसाला माणूस असंच चिकटतं. पंधरवडा संपून पोरगी पलीकडे गेली, की मावशी माडीवरची चादर धुवायची, उशीचा अभ्रा बदलायची, आणि मग काही नाही म्हणून पुन्हा चादर झटकायची.

पहिल्या खेपेला पोरगी पलीकडून परत आली, तेव्हा कोटाच्या उजव्या कोपराला रफू केलेलं होतं. दिवसभर कठड्यावर कोपरं टेकून दुर्बिणीतून बघायचं, कापड विरणारच. पण ते रफू काय होतं. राखाडी कोटाला निळा दोरा, टाका एक इकडे एक तिकडे, जणू कोंबडी चिखलातून चालत गेली. मावशीने विचारलं, हे कुणी केलं? पोरगी म्हणाली, त्या घरच्या बाईंनी.

रात्री पोरगी झोपल्यावर मावशीने छोटी कात्री घेतली, तो निळा दोरा एकेक टाका करून उसवला आणि चुलीत घातला. मग राखाडी दोऱ्याने असं रफू केलं, की कोट उन्हात धरला तरी फाटलेली जागा सापडू नये. उसवताना तिच्या मनात काम चांगलं की वाईट हे नव्हतंच. पलीकडचा हात या कोटावर नको, एवढंच होतं. एक मात्र तिने मनाविरुद्ध मान्य केलं, की कोटाला इस्त्री कडक होती. बाहीची घडी अशी, की बोट कापावं.

पुढच्या खेपेला डाव्या कोपराला निळे टाके. या वेळी जरा बारीक, जरा जवळ जवळ. मावशीला त्याचा जास्तच राग आला. म्हणजे बाईसाहेब शिकतायत म्हणायच्या, असं पुटपुटत तिने तेही उसवलं. त्यापुढच्या खेपेला मनगटाच्या पट्टीवर. तेही गेलं चुलीत. पोरीने हे सगळं पाहिलं असणार. पण निरोप न्यायचा नाही हा तिचा नियम, आणि बोलणं न बोलणं यांतली रेघ कुठे असते हे तिला नीट कळत नसावं, म्हणून ती दोन्हीकडे गप्पच राहायची.

मग थंडी कडक पडली, आणि पलीकडे गेलेली पोरगी पंधरवडा संपला तरी आली नाही.

मावशीने एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तराजूसाहेब स्वतः दुकानात आले. त्यांना वाकायची सवय नव्हती, शटरला डोकं आपटलं. टकलावरून हात फिरवत त्यांनी अगदी सावकाश, शब्द मोजून सांगितलं, की पोरीच्या छातीत कफ धरलाय, ताप उतरत नाही, आणि तिकडचे डॉक्टर म्हणतात, या थंडीत तिला पुलावरून आणलं तर वाटेतच जाईल. तिकडेच ठेवायला हवं.

मावशीने हातातलं कापड खाली ठेवलं. म्हणाली, ठेवा मग. मला कशाला विचारता.

पण साहेब गेले नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी पुढचं सांगितलं, आणि ते काही मावशीला नवीन नव्हतं, कारण सकाळपासून भट्टीसमोर तीच कुजबुज चालली होती. पोरीला तिकडच्यांनी काहीतरी घातलं. अन्नातून घातलं, औषधातून घातलं. आपल्याकडे राहून इकडची झाली म्हणून घातलं. आदल्या साली नदीच्या खालच्या अंगाला असंच झालं होतं. एका निरीक्षकाचं पोट बिघडलं, विष घातलं अशी आवई उठली, आणि त्याचं पोट बरं होईपर्यंत दोन गावं बेचिराख झाली होती. बिचारा त्या दिवशी शिळं मासळीचं कालवण खाऊन बसला होता. आता इथेही तरुण पोरं काठावर जमू लागली होती. पहिली गोळी सुटली की सातांची माणसं परत बोलावली जाणार, आणि इतक्या खटपटीने मांडलेलं टेबल उधळलं जाणार.

म्हणून संघाचा नियम असा, की एका काठावर निरीक्षक आजारी पडला, तर दुसऱ्या काठाचा एक माणूस त्याच्या उशाशी साक्षीला बसवायचा. जे औषध, जे पाणी त्याला देतील, ते आधी त्या साक्षीदाराने घ्यायचं. आणि साक्षीदार असा हवा, की त्याच्या शब्दावर त्याच्या काठाने शंका घेऊ नये.

"तुमच्याइतका पलीकडचा राग या गल्लीत कुणाला नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तुम्ही."

मावशी म्हणाली, "मला पलीकडचं पाणी चालत नाही. नेम आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. मावशीला वाटलं, आता हे समजूत घालतील, पोरीच्या जिवाची शपथ घालतील. पण ते उठले आणि म्हणाले, ज्याला नियम आहे त्याच्याशी मी वाद घालत नाही. जाताना शटरला डोकं पुन्हा आपटलं.

संध्याकाळी मावशीने दिवा लावला. हात जोडले. मग ताट घेऊन बसली आणि बसूनच राहिली. माडीवरून हाक यायची नव्हती. घास उचलला तो ताटात परत ठेवला. तिला वाटलं, नेम मोडला का आपला? नाही, दिवा तर लागलाय. मग हा घास का उतरत नाही? ती परत देवापाशी जाऊन बसली. मनाशी म्हणाली, देवा, मी तुझा नेम मोडणारी बाई नाही, तुला माहीत आहे. आणि तिथेच अडखळली. दिव्याचा नेम तिने आईचा हात धरून, देवाचं नाव घेऊन धरला होता. दुसऱ्या नेमाच्या वेळी देवाचं नाव घेतलं होतं का? तिने खूप आठवून पाहिलं. नदीवरचा धूर आठवला, नवऱ्याच्या चपला आठवल्या, दातावर दात आवळलेले आठवले. देवाचं नाव काही आठवेना.

सकाळी ती साहेबांच्या कचेरीत गेली. म्हणाली, येते. पाण्याचं तिथे गेल्यावर बघू.

पूल पार करणं म्हणजे काही सोपं काम नव्हतं. मधल्या भागाला भगदाड पडून त्यावर फळ्या टाकलेल्या, दोन्ही बाजूंनी काटेरी तारा. या काठावरच्या शिपायाने मावशीला ओळखलं आणि नजर खाली घातली. बरोबर काही न्यायचं नव्हतं. गळ्यातली मापाची पट्टीसुद्धा, जी अंघोळीखेरीज कधी निघत नसे, तिने काढून भट्टीवाल्याकडे दिली. फळ्यांवरून जाताना तिने खाली पाहिलं नाही. पलीकडच्या तारांमधून अंग चोरून निघताना बाहीला काटा अडकला आणि टरकन् आवाज आला. शिवणाऱ्या बाईला तो आवाज दाताच्या कळीसारखा लागतो. पण थांबायला वेळ कुठे होता.

पलीकडची गल्ली तिच्या गल्लीसारखीच निघाली, याचा तिला थोडा रागच आला. तीच उतरती फरसबंदी, तेच भिंतीवरचे खड्डे, खिडकीत वाळत घातलेले तसेच कपडे. घर म्हणजे खाली इस्त्रीचं दुकान आणि वर खोली. दारात एक बाई उभी होती, मावशीच्याच वयाची, अंगावर शाल, उजवा हात शालीत. तिने ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही, नुसती बाजूला सरकली. मावशीही काही न बोलता जिना चढली.

पोरगी खिडकीपाशी पडली होती. तोंड एवढंसं झालेलं. श्वास असा, जणू आत कुणी करवत चालवतंय. मावशी उशाशी बसली आणि कपाळावर हात ठेवला, तसा चटका बसला. पोरीने डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते. मावशीने कान जवळ नेला.

"मावशी, दिवा."

"लावला गं," मावशी म्हणाली. "लावून आलेय."

तिकडचे डॉक्टर औषधाची पूड देऊन बाजूला उभे राहिले. तराजूसाहेब दारात. इस्त्रीवालीने डाव्या हाताने तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, त्यात औषध घातलं, आणि भांडं मावशीपुढे धरलं. मावशीचा हात मांडीवरून उठत नव्हता. तिला उठवायचा होता, उठत नव्हता.

तेव्हा इस्त्रीवालीने भांडं मागे घेतलं आणि स्वतःच्या तोंडाला लावून एक घोट घेतला.

"मी पिते, तुम्ही बघा," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही नका पिऊ, ताई. पोरगी तापात सारखं बोलतेय, मावशीला इथलं पाणी चालत नाही, तिला पाजू नका, तिचा नेम आहे. तुमचा नेम माझ्या घरात मोडायला नको."

साहेब काहीतरी बोलणार होते, बहुधा नियमाचं. पण मावशीने हात पुढे केला आणि भांडं घेतलं. एक घोट घेतला, मग आणखी एक. औषधाचा कडूपणा होता आणि त्याखाली पाणी होतं, आणि ते पाणी पाण्यासारखंच होतं. मग तिने पोरीची मान वर उचलली, आणि इस्त्रीवालीने चमच्याने पाजलं.

ती त्या घरी पोरीचा ताप उतरेपर्यंत राहिली; सांजेला तिथल्याच देवापुढे दिवा लावून मग जेवायची. पहिल्या दिवशी दोघी बायका कामापुरतंच बोलल्या, चादर धरा, खिडकी लावा. कपाळावरच्या पट्ट्या सारख्या बदलाव्या लागायच्या. गार पाण्यात बुडवलेलं फडकं इस्त्रीवाली एका हाताने कसंबसं दाबायची, अर्धं पाणी उशीवर गळायचं. दुसऱ्या दिवशी मावशीला राहवलं नाही. ती म्हणाली, अहो, पिळा ना नीट. त्यावर बाईने शालीतून उजवा हात बाहेर काढला. अंगठा होता, एक बोट होतं. बाकी नव्हतं.

"इस्त्री जमते डाव्याने," ती म्हणाली, माफी मागितल्यासारखी. "पिळायचं नाही जमत."

मावशीने पुढे होऊन फडक्याचं दुसरं टोक धरलं. एकीने इकडे पीळ दिला, एकीने तिकडे, आणि सगळं पाणी घमेल्यात पडलं. तो पीळ देता देताच मावशीला तो कोट आठवला, निळा दोरा आठवला, कोंबडीची पावलं आठवली. गोळा कुठला होता हे तिने विचारलं नाही. बाईनेच आपणहून सांगितलं, की त्या दिवशी दोन्हीकडून पडत होते, कुणाचा लागला ते देवाला ठाऊक, आणि देवाला विचारून तरी काय करायचं, बोटं काही परत यायची नाहीत.

दुपारी पोरीला जरा डोळा लागल्यावर बाई म्हणाली, "कोटाचं रफू तुमचंच ना? ते राखाडी."

मावशीने मान हलवली.

"काय हात आहे तुमचा, ताई. मला तर जागाच सापडली नाही. माझं काम म्हणजे नुसतं थोटं. मी म्हटलं, बरं केलं त्या बाईंनी, उसवून नीट केलं. मग पुढच्या वेळी मी जरा बारीक घालायचा प्रयत्न केला, की तुमच्या डोळ्यांना बरं दिसावं. एकेका टाक्याला सुई दोनदा पडायची." ती हसली. "पण तेही उसवावं लागलं तुम्हाला."

मावशीने फडकं पुन्हा घमेल्यातल्या पाण्यात बुडवलं.

"मी उसवलं," ती म्हणाली, "ते काम वाईट होतं म्हणून नाही."

इस्त्रीवालीने तिच्याकडे पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण ती उठली, चुलीवर पाणी ठेवलं आणि दोघींसाठी चहा केला. साखर किती, असं तेवढं विचारलं.

चार-दोन दिवसांत पोरीला घाम फुटला, श्वासातली करवत थांबली, आणि एका सकाळी तिने डोळे उघडून पाहिलं तर उशाशी एक मावशी आणि पायाशी एक बाई. दोघींकडे आळीपाळीने बघत तिने पुन्हा डोळे मिटले. बहुधा तिला वाटलं, ताप अजून उतरलेला नाही. इस्त्रीवाली म्हणाली, बघा, बरोबरी झाली का तुमच्या साहेबांच्या मनासारखी. त्यावर मावशी हसली, आणि आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

निघायच्या दिवशी दुपारी मावशी खुर्चीतच पेंगली. जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली आलं होतं आणि बाहीला काहीतरी टोचत होतं. पुलाच्या तारेने फाटलेली जागा शिवलेली होती. दोरा निळा. टाके एक इकडे, एक तिकडे. इस्त्रीवाली सुई उशीत खोचत होती.

"घरी गेल्यावर नीट करून घ्या," ती म्हणाली.

"बघते," मावशी म्हणाली.

ती पूल उतरून आली तेव्हा अर्धं गाव भट्टीसमोर जमलं होतं. काठावरची तरुण पोरंही होती, हात खिशात घालून. मावशी भट्टीच्या पायरीवर उभी राहिली. तिला भाषण कुठे येतंय. ती म्हणाली, पोरीच्या छातीत कफ होता, आता बरी आहे. जे औषध तिला दिलं ते आधी मी प्यायले, आणि मी तुमच्यापुढे उभी आहे. तिची सेवा त्या बाईने माझ्याहून जास्त केली. मग कुणीतरी मागून विचारलं, म्हणजे तू तिकडचं पाणी प्यायलीस?

"प्यायले."

पायरीजवळची माणसं पाऊलभर मागे सरकली. ज्यांनी तिच्या नवऱ्याला खांदा दिला होता तेही त्यात होते. शेवटी भट्टीवाल्याने विचारलं, कसं होतं?

"गार," मावशी म्हणाली, आणि त्याच्याकडून आपली मापाची पट्टी घेऊन गळ्यात घातली.

पोरं पांगली. दुसऱ्या दिवशी काठावर कुणी जमलं नाही. तिकडे परक्या शहरात सातांची बैठक भरली, आणि म्हणतात, की त्या दिवशी कुणीच खोकलं नाही. निरीक्षकांची मुदत वाढली. शिवाय, आजाऱ्यापाशी साक्षीदार बसवायचा जो नियम होता, त्याला त्यांनी आणखी एक शेपूट जोडलं: इथून पुढे आजारी कुणी असो वा नसो, दर पंधरवड्याला दोन्ही काठांची एकेक व्यक्ती पूल ओलांडून पलीकडची हालहवाल डोळ्यांनी बघून येईल. कुणी म्हणालं, एवढ्याने काय सलोखा होतोय. झाला नसेलही. पण पुलावरच्या फळ्या त्यानंतर बदलल्या गेल्या, कारण त्यांवरून आता माणसं जात होती.

बगळी काठी टेकत परत आली. दुबळी झाली होती, पण संध्याकाळची हाक पूर्वीसारखीच.

मावशीच्या बाहीवरचे निळे टाके मात्र तसेच राहिले. गिऱ्हाइकं वाकून आत यायची, आधी बाही बघायची, मग मावशीचं तोंड. एका बाईने तर टोमणाच मारला, की मावशी, जगाचे कपडे शिवतेस आणि स्वतःच्या बाहीला हे काय, दिव्याखाली अंधार? मावशी म्हणाली, राहू दे, पक्कं आहे.

एकदा तराजूसाहेब आले. आता ते वाकायला शिकले होते. पोरीची चौकशी केली, चहा घेतला, म्हणजे तिकडेही एक कप ठरला. जाता जाता त्यांची नजर बाहीवर गेली, आणि त्यांनी दोरीचा चष्मा डोळ्याला लावून ते टाके नीट पाहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तिकडचं काम," ते म्हणाले. "याची बरोबरी झालेली नाही."

मावशीने मशीनच्या खणातून गरम कापडाचा एक तुकडा काढून ठेवला होता, मऊ, आतून अस्तर लागेल असा. हातमोजा व्हायचा होता त्याचा, एकाच हाताचा, अंगठा आणि एक बोट. तिने तो साहेबांपुढे धरला नाही. नुसती त्यावर खडूची रेघ मारायला घेतली आणि मग थांबली.

"होईल बरोबरी," ती म्हणाली. "पुढच्या पंधरवड्याला साक्षीला माझं नाव घाला. आधी माप घ्यावं लागेल, मापाशिवाय मी कापड कापत नाही."